महाडचा आघात आणि धीराची भाषा : डॉ. आंबेडकरांच्या वक्तृत्वजीवनातील एक पर्व

१. प्रास्ताविक

सामूहिक शोकाच्या प्रसंगी नेत्याने केलेले भाषण हा वक्तृत्वविचारातील एक जुना विषय आहे. युद्धात पडलेल्या अथेन्सवासीयांच्या अंत्यविधीच्या वेळी पेरिक्लीझने केलेले भाषण थुसिडिडीझच्या इतिहासातून आपल्यापर्यंत आले. १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्ग येथे अब्राहम लिंकन यांनी केलेले काही मिनिटांचे भाषण आजही अभ्यासक्रमात असते. ३० जानेवारी १९४८ च्या रात्री पंडित नेहरू आकाशवाणीवरून देशाशी बोलले, त्या बोलण्याचाही उल्लेख या संदर्भात हमखास होतो. या तिन्ही उदाहरणांमागे एक समान गृहीतक आहे. बोलणारा राष्ट्राचा मान्य प्रतिनिधी आहे, ऐकणारे त्या राष्ट्राचे मान्य घटक आहेत आणि झालेली हानी सर्वांची आहे, याविषयी तेथे वाद नाही. वक्त्याचे काम, ते कितीही अवघड असले तरी, या मान्यतेच्या भूमीवर उभे राहून करावयाचे असते.

ही भूमीच जेथे नाही तेथे काय होते? ज्यांच्यावर आघात झाला ते राष्ट्राचे घटक आहेत हेच जेथे नाकारले जाते, आघात करणारे शेजारच्या आळीतले असतात आणि आघाताला आघात म्हणण्यासही समाज तयार नसतो, तेथे सांत्वनाची भाषा कोठून आणावयाची? २० मार्च १९२७ रोजी महाड येथे हा प्रश्न डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्यापुढे उभा राहिला. त्या दिवसापासून त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत त्यांनी जे बोलले आणि लिहिले, त्याच्या अनुरोधाने त्यांच्या जीवनाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विचाराच्या सोयीसाठी मराठीतील काही शब्द आधी वेगळे करून घेतले पाहिजेत. आपण दुखवट्याच्या घरी समाचाराला जातो, तेथे सांत्वन करतो, रडणाऱ्याची समजूत काढतो, त्याला दिलासा देतो, धीर देतो. हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. परंतु त्यांची दिशा एक नाही. समजूत काढणे म्हणजे जे घडले ते मान्य करावयास लावणे. धीर देणे म्हणजे जे घडले त्यानंतर उभे राहावयास लावणे. अस्पृश्य समाजाची समजूत शतकानुशतके काढली जात होती. पूर्वकर्म, दैव, जातीचा धर्म ही सारी समजुतीचीच साधने होती. त्यामुळे या समाजाच्या नेत्यापुढील पेच दुहेरी होता. जखमेवर फुंकर घालावी तर ती समजूत ठरण्याचा धोका, आणि न घालावी तर जखमी माणसे खचण्याचा किंवा भडकण्याचा धोका. हा पेच बाबासाहेबांनी भाषेच्या पातळीवर कसा सोडविला, हे पाहावयाचे आहे.

२. वाणीची घडण

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात असलेले अंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैनिकी शाळेत शिक्षक होते, कबीरपंथी होते. घरात संतवाङ्मयाचे पठण होते. निवृत्तीनंतर रामजींनी काही काळ दापोलीस वास्तव्य केले, पुढे कुटुंब साताऱ्यास गेले. मराठी संतांची भाषा, सैनिकी घराची शिस्त आणि दक्षिण कोकणातील महार पेन्शनरांच्या वसाहतींतील वातावरण, हे तीन संस्कार त्यांना बालवयातच लाभले.

चौथा अनुभव तहानेचा. मसूर स्थानकावर उतरून वडिलांच्या नोकरीच्या गावी, गोरेगावला, बैलगाडीने जाताना या मुलांना रात्रभर पिण्यायोग्य पाणी मिळू शकले नाही. जात कळली की पाणी बंद होते, हे त्यांना ग्रंथांतून शिकावे लागले नाही. पुढे महाडच्या तळ्याचा प्रश्न त्यांनी तहानेचा प्रश्न म्हणून मांडला नाही, ही गोष्ट म्हणूनच विशेष लक्षणीय ठरते. ज्याने तहान भोगली होती, त्यानेच तहानेच्या करुणेचा आधार घेण्याचे टाळले.

एल्फिन्स्टन हायस्कूल, एल्फिन्स्टन कॉलेज, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, पुढे लंडन हा शिक्षणक्रम सर्वज्ञात आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, इंग्रजीत अर्थशास्त्राचे प्रबंध लिहिणाऱ्या या विद्वानाने ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले ते मराठीत, आणि त्याच्या शिरोभागी तुकोबांचा अभंग घातला. ज्या भाषेत आपल्या माणसांचा अपमान होत आला, त्याच भाषेत त्यांच्याशी बोलावयाचे, असा हा निर्णय होता. १९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, १९२७ च्या आरंभी मुंबई विधिमंडळाचे ते नियुक्त सदस्य झाले.

या सार्वजनिक चढत्या आलेखाखाली एक खाजगी उतार आहे. रमाबाई आणि बाबासाहेब यांनी चार अपत्ये गमावली. शेवटचा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. त्यानंतर स्नेही दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात बापाचे दुःख कोणताही आडपडदा न ठेवता प्रकट झाले आहे. महाडला आलेला पस्तीस वर्षांचा नेता पुत्रशोकातून अद्याप बाहेर पडलेला नव्हता. स्वतःच्या दुःखासाठी त्याच्याजवळ विलापाची भाषा होती. समूहासमोर मात्र ती त्याने एकदाही वापरली नाही. व्यासपीठावरील संयम हा भावनाशून्यतेतून आलेला नसून निवडीतून आलेला होता, हे या पत्राच्या शेजारी भाषणे ठेवून वाचली असता स्पष्ट होते.

३. सावित्रीकाठचे महाड

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपूरच्या खोऱ्यातून उतरते, महाडजवळ गांधारीला घेते आणि दासगाववरून बाणकोटच्या खाडीकडे जाते. घाटावरचा माल पोलादपूरमार्गे महाडच्या पेठेत यावा आणि दासगावच्या बंदरातून मुंबईस जावा, असा हा जुना व्यापारी मार्ग. तालुक्यात रायगड, गावाजवळ पाले येथील बौद्ध लेणी, आणि आसपासच्या गावांत पलटणीतून निवृत्त झालेले महार सैनिक. याच परिसरातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये 'विटाळविध्वंसन' ही पुस्तिका प्रसिद्ध करून अस्पृश्यतेला धर्मशास्त्राच्या अंगाने प्रश्न विचारले होते. सैन्यभरती बंद झाल्यावर ही जागृती ओसरली, पण तिची स्मृती उरली होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि सरकारी खर्चाने बांधलेली किंवा चालविलेली पाणवठ्यासारखी सार्वजनिक ठिकाणे अस्पृश्यांना खुली करण्याचे धोरण ठरले. महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांचा त्यात पुढाकार होता. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर कोणी अस्पृश्य गेला नाही. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यातील, कार्यकर्त्यांनी १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडला भरविली. तरुण रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही त्यातील प्रमुख नावे. परिषदेला हजारो लोक पायी, होडीने आले. त्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी चाळीस रुपये मोजावे लागले, असे चरित्रकार सांगतात. तळे समोर आणि पाणी विकत, ही परिस्थितीच परिषदेच्या विषयाचे सार होती.

१९ तारखेच्या अध्यक्षीय भाषणाची रचना पाहण्यासारखी आहे. अन्यायाच्या वर्णनाने ते सुरू होत नाही. बाबासाहेब आरंभी या प्रदेशाच्या आठवणींकडे जातात. दापोलीकडील बालपण, पेन्शनर मंडळींच्या वसाहती, त्यांच्यातील शिक्षण आणि रुबाब यांचे ते स्मरण करतात, आणि मग तो काळ कसा व का लोपला याची कारणे देतात. त्यानंतर उपदेशाचा भाग येतो : मृत जनावरांचे मांस सोडा, वतनाची ओढ सोडा, शेती आणि शिक्षण धरा, मुलांची स्थिती आपल्याहून चांगली व्हावी ही आकांक्षा बाळगा. श्रोत्यांना आपण जन्मतः हीन आहोत असे वाटू न देता आपण खाली ढकललो गेलो आहोत असे वाटू देणारी ही मांडणी आहे. जे हरवले ते परत मिळविता येते, मुळात नसलेलेच मिळवावयाचे असेल तर धीर राहत नाही. दुसऱ्या दिवशी जो आघात झाला तो सोसण्याची तयारी या पूर्वस्मरणाने काही अंशी आधीच करून ठेवली होती.

४. २० मार्च : आघात आणि आवर

२० मार्चला चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली. मिरवणूक शिस्तीने निघाली, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, पाठोपाठ इतरांनी घेतले आणि लोक मंडपाकडे परतले. काही वेळाने अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा गावात पसरली. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. जेवत असलेल्या, गावी परतण्याच्या तयारीत असलेल्या लोकांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले गेले. अनेक जण जखमी झाले, त्यात स्त्रियाही होत्या. कित्येकांनी मुसलमान कुटुंबांच्या घरांत आश्रय घेतला. मग दुसरा आघात झाला. तळे बाटले म्हणून १०८ घागरी पंचगव्य ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. पहिल्या माराने शरीरे फुटली. दुसऱ्या कृतीने असे सांगितले की, मार बसलेल्यांचा स्पर्श हाच मूळ अपराध आहे.

बाबासाहेब डाक बंगल्यावर होते. तेथे जमलेल्यांत पलटणीतून आलेली, हत्यार चालविणे जाणणारी माणसे होती. त्यांच्या एका शब्दाने गावात रक्तपात झाला असता, याविषयी चरित्रकारांत दुमत नाही. त्यांनी तो शब्द उच्चारला नाही. शांत राहण्याची आज्ञा दिली, पोलिसांकडे तक्रारी नोंदविल्या, जखमींची व्यवस्था पाहिली आणि प्रकरण न्यायालयात नेण्याचा आग्रह धरला. पुढे खटला चालून हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.

वक्तृत्वाच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. क्षमेचे आवाहन करणारे, शत्रूवर प्रेम करा म्हणणारे शब्द वापरून हा संयम साधलेला नाही. सूड नको असे सांगताना अन्याय विसरा असेही सांगितलेले नाही. क्रोधाला त्यांनी दुसरी जागा दिली : फिर्याद, साक्ष, पंचनामा, खटला. ज्याला आजवर कोणी साक्षीदार मानले नव्हते त्याने न्यायालयात उभे राहून आपले नाव सांगून घडले ते सांगावयाचे, हेही धीर देण्याचेच एक रूप आहे. कायद्याची रुक्ष भाषा त्या क्षणी सांत्वनाची भाषा झाली, कारण तिच्यात मारहाणीला मारहाण असे नाव होते. गावाच्या भाषेत तिला विटाळाचे प्रायश्चित्त असे नाव होते.

५. 'बहिष्कृत भारत' : नाव देणे आणि जबाबदारी वाटणे

महाडनंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक निघाले. त्याच्या शिरोभागी या वेळी ज्ञानेश्वरीतील ओव्या होत्या. त्यातील मजकुराचा फार मोठा भाग संपादक स्वतः लिहीत. प्रवासातून परतलेल्या, जखमा घेऊन घरी बसलेल्या माणसांशी बोलत राहण्याचे दुसरे साधन नव्हते. भाषण एका दिवसाचे असते. आघाताचा परिणाम मात्र महिनोन् महिने चालतो. डोके शांत झाल्यावर भीती वर येते, गावकी बहिष्कार घालते, आपलेच चुकले काय असा प्रश्न रात्री पडतो. या दीर्घ काळाला पुरणारे सांत्वन नियतकालिकातूनच होऊ शकते.

एप्रिल आणि मे महिन्यांतील अंकांत महाडच्या घटनेवर तीन अग्रलेखांची मालिका आली. त्यांची शीर्षके एका साच्यातील आहेत. महाड येथील धर्मसंगर हा प्रत्येकाचा पूर्वार्ध, आणि उत्तरार्धात अनुक्रमे वरिष्ठ हिंदूंची, इंग्रज सरकारची आणि अस्पृश्य वर्गाची जबाबदारी. या शीर्षकांतील दोन शब्दांवर संपूर्ण भूमिका तोललेली आहे.

पहिला शब्द धर्मसंगर. महाडच्या घटनेला दंगा म्हणणे सोपे होते, आणि तसे म्हटलेही जात होते. दंगा या शब्दात दोन बाजू सारख्याच दोषी ठरतात, कारण अदृश्य होते आणि घटना संपताच विषय संपतो. संगर म्हणजे युद्ध. त्याला कारण असते, बाजू असतात आणि एका चकमकीने ते संपत नाही. मार खाल्लेला माणूस दंग्यात बळी असतो, संगरात तो लढवय्या असतो. पलटणीच्या स्मृती जपणाऱ्या वाचकांना हा शब्द काय देऊन गेला असेल, याची कल्पना करता येते. धर्म हे पूर्वपदही तितकेच हेतुपूर्वक आहे. पाण्याच्या घागरीवरून झालेले भांडण म्हणून जे पाहिले जात होते, ते धर्माच्या अर्थाविषयीचे युद्ध आहे असे त्याने सांगितले. जखम तीच राहिली, पण तिचे नाव बदलले आणि नावाबरोबर तिचा अर्थ बदलला.

दुसरा शब्द जबाबदारी. शोकप्रसंगीच्या भाषणात दोष कोणाला द्यावयाचा हा नेहमीचा पेच असतो. दोष दिला तर द्वेष वाढतो, न दिला तर दुःख दैवाच्या खाती जमा होते. जबाबदारी हा शब्द या दोन्हींच्या मधून वाट काढतो. तो मागे पाहतो तसाच पुढेही पाहतो. जे घडले त्याचे उत्तर कोणी द्यावयाचे हे तो विचारतो, आणि यापुढे कोणी काय करावयाचे हेही. वरिष्ठ हिंदूंना आणि सरकारला खडसावून झाल्यावर तिसऱ्या अग्रलेखात तोच शब्द स्वकीयांकडे वळतो. ही गोष्ट वरवर निष्ठुर वाटते. मार खाल्लेल्यांनाच त्यांची जबाबदारी सांगावयाची काय? परंतु जबाबदारी ज्याच्यावर टाकली जाते तो कर्ता असतो, केवळ दयेचा विषय नसतो. करुणा माणसाला बसते करते. जबाबदारी त्याला उभे करते. सांत्वनाच्या प्रचलित कल्पनेला बाबासाहेबांनी दिलेले हे सर्वांत मोठे वळण होय, असे मला वाटते.

शैलीच्या दृष्टीनेही हे लेखन तपासण्यासारखे आहे. युक्तिवाद वकिलाचा आहे, शब्दसंपदा शास्त्री-पंडितांच्या वादातील आहे, आणि मध्येच बोलीतील एखादा झणझणीत शब्द अथवा म्हण येते. प्रतिपक्षाचा मुद्दा आधी पूर्णपणे मांडावा आणि मग त्याचे खंडन करावे, ही पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची पद्धत ते पाळतात. अशिक्षित म्हणून हिणवलेल्या समाजासाठी, ज्यातील बहुसंख्यांना अंक वाचून दाखवावा लागे, असे गुंतागुंतीचे गद्य का लिहावे असा प्रश्न पडू शकतो. उत्तर शैलीतच आहे. बुद्धीचा मान राखून बोलणे हा आदराचा प्रकार आहे. सोपी भाषा प्रेमळ असू शकते, परंतु ती लहान मुलाशी बोलण्यासारखीही असू शकते. आपल्यासाठी कोणी इतक्या मेहनतीने युक्तिवाद केला, ही जाणीवच त्या श्रोत्याला धीर देणारी होती.

६. डिसेंबर : न झालेल्या सत्याग्रहाचे सांत्वन

४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. उत्तर म्हणून २५ डिसेंबरपासून सत्याग्रह परिषद ठरली. मंडपासाठी गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. दरम्यान सनातनी मंडळींनी महाडच्या दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला होता. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरून महाडला पोहोचले तेव्हा दहा हजारांच्या आसपास लोक जमले होते.

२५ तारखेच्या भाषणात त्यांनी श्रोत्यांना महाडच्या पेठेतून एकदम १७८९ च्या फ्रान्समध्ये नेले. व्हर्सायची राष्ट्रसभा आणि ही परिषद यांचे साम्य त्यांनी उभे केले. त्यांचे म्हणणे असे की तळ्याच्या पाण्यावाचून आजवर कोणी मेले नाही आणि ते पिऊन कोणी अमर होणार नाही. प्रश्न माणूस म्हणून समान असण्याचा आहे. स्पर्शबंदीपाशी न थांबता रोटीबंदी, बेटीबंदीपर्यंत ते गेले आणि जातिभेदाचे मूळ विवाहबंधनात असल्याचे त्यांनी दाखविले. कोणाच्याही खिजगणतीत नसलेल्या लोकांना जगाच्या इतिहासातील एका मोठ्या घटनेच्या शेजारी बसविणारी ही तुलना अतिशयोक्त म्हणता येईल. पण तिचे कार्य ध्यानात घ्यावे. नऊ महिन्यांपूर्वी या माणसांना त्यांच्या तालुक्यात जागा नाही असे मारून सांगण्यात आले होते. त्यांना जगाच्या नकाशावर जागा दाखविणे हे त्याचे उत्तर होते.

त्याच रात्री, सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार, मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याच्या शुद्धीचा जो विधी झाला होता त्याला केवळ शब्दांनी उत्तर देता आले नसते, विधीला विधीनेच उत्तर द्यावे लागले. घागरी आणि अग्नी यांच्यातील हा संवाद भाषणांइतकाच बोलका आहे. त्यासोबत मनुष्यमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांची घोषणाही ठरावाच्या रूपाने झाली. जुने नाकारणारी कृती आणि नवे सांगणारा मजकूर एकाच परिषदेत आले.

खरी कसोटी यानंतरची. सत्याग्रहासाठी सुमारे चार हजार लोकांनी नावे नोंदविली, उत्साह शिगेला पोहोचला. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेपुढे येऊन मनाई हुकूम न मोडण्याचे आवाहन केले. सनातन्यांशी असलेल्या झगड्यात सरकारशी दुसरी आघाडी उघडावी काय, याचा विचार करून बाबासाहेबांनी अखेर सत्याग्रह तहकूब करण्याचा प्रस्ताव मांडला. मार्चमध्ये मार खाल्लेल्या, तुरुंगाची तयारी करून आलेल्या लोकांना परत जा असे सांगणे हे मारहाणीनंतरच्या सांत्वनाहूनही कठीण होते. कारण या वेळी निराशेचे कारण स्वतः नेताच होता. त्यांनी लोकांच्या धैर्याविषयी शंका घेतली नाही, आपला निर्णय दैवाच्या किंवा सहकाऱ्यांच्या माथी मारला नाही, कारणे क्रमाने सांगितली. लोकांनी ते मानले आणि महाडच्या रस्त्यांवरून मिरवणूक काढून परिषद विसर्जित झाली.

हे योग्य होते काय, यावर मतभेद असू शकतात. सत्याग्रह पुन्हा झाला नाही. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला तो अस्पृश्यांच्या बाजूने. निकाल देणाऱ्यांत १९२२ मध्ये गांधीजींचा खटला चालविणारे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. परंतु हा निकाल तळ्यावरील अनादिकालीन बंदीची रूढी सिद्ध झाली नाही या मुद्द्यावर दिला गेला. माणूस म्हणून समतेचा जो मुद्दा २५ डिसेंबरच्या भाषणात होता तो न्यायालयाच्या भाषेत उतरला नाही. कायद्याच्या भाषेने मार्चमध्ये धीर दिला होता हे खरे, तशी तिची मर्यादाही महाडनेच दाखविली. नेत्याचे शब्द न्यायालयाच्या शब्दांपेक्षा पुढे गेले होते.

७. स्त्रियांसमोरचे भाषण आणि पुढील वाट

परिषदेच्या शेवटी बाबासाहेबांनी चर्मकार वस्तीत स्त्रियांना उद्देशून केलेले भाषण स्वरात अगदी निराळे आहे. येथे फ्रान्स नाही, शास्त्रार्थ नाही. लुगडे नेसण्याची पद्धत, कथलाचे आणि चांदीचे जड दागिने, घराची स्वच्छता, मुलींचे शिक्षण, मृत मांस घरात न येऊ देणे, असे रोजच्या जगण्यातले विषय आहेत. जातीची खूण अंगावर वागवू नका हे सूत्र. दुसऱ्या दिवशी अनेक जणी पायघोळ लुगडी नेसून आल्या. चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना त्यात साहाय्य केले. सत्याग्रह तहकूब झाल्याने जे हातून निसटले होते, त्याच्या जागी आज, येथे, स्वतःच्या हाताने करता येईल असे काही मिळाले. आजच्या अभ्यासकाला यातील काही उपदेश वरिष्ठ जातींच्या वेशाचे अनुकरण वाटेल. तरीही त्या परिस्थितीत खूण नाकारण्याचा तो प्रत्यक्ष मार्ग होता, हे विसरता येत नाही.

महाडचा हा नमुना त्यांच्या पुढील जीवनात वारंवार दिसतो. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षे निष्फळ ठरल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ च्या येवले परिषदेत त्यांनी लोकांची समजूत काढली नाही. हिंदू म्हणून मरणार नाही हा निश्चय सांगून पुढची वाट दाखविली. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती पद्धतीच्या निर्मूलनाचे विधेयक मांडून त्यांनी कोकणातील कुळांचे गाऱ्हाणे कायद्याच्या मसुद्यात आणले. टिपणीस आणि चित्रे त्या वेळी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे त्यांच्यासोबत विधिमंडळात होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली. नकार, नाव आणि नवी प्रतिज्ञा, हा महाडचाच क्रम तेथे पूर्णत्वास गेला.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आचार्य अत्रे बोलले, आणि भदंत आनंद कौसल्यायन यांनी तेथेच प्रचंड समुदायाला दीक्षा दिली. अश्रूंना बांध नव्हता, तरीही शोकसभेचे रूपांतर प्रतिज्ञेत झाले. ज्याने आयुष्यभर दुःखाला कार्य दिले, त्याच्या मृत्यूच्या दुःखालाही त्याच्या माणसांनी कार्यच दिले.

८. समारोप

महाडच्या नऊ महिन्यांतून सांत्वनभाषेची तीन तत्त्वे हाती लागतात. घटनेला तिचे खरे नाव द्यावे. जबाबदारी स्पष्टपणे वाटावी आणि दुःखितांनाही त्यातला कर्त्याचा वाटा द्यावा. ऐकणाऱ्याला त्याच्या दुःखाहून मोठ्या इतिहासात आणि त्याच वेळी त्याच्या हातात मावेल अशा कामात जागा द्यावी. यांपैकी एकही तत्त्व निव्वळ अलंकाराने साधणारे नाही.

याच सावित्रीच्या खोऱ्याने अलीकडे पुन्हा मोठे आघात सोसले आहेत. जुलै २००५ मध्ये दासगाव आणि जुई येथे दरडी कोसळल्या, २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला, जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे येथे माणसे मातीखाली गेली. प्रत्येक वेळी शोकाची भाषणे झाली, पुढेही होतील. त्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने वक्त्याचा गळा दाटून आला की नाही एवढेच पाहून थांबू नये. घटनेला दैवाचे नाव दिले की कारणाचे, जबाबदारीचा उच्चार झाला की नाही, आणि मातीतून वाचलेल्या माणसाशी कर्ता म्हणून बोलले गेले की लाभार्थी म्हणून, हे त्याने तपासावे. समजूत आणि धीर यांतील अंतर मोजण्याचे माप चवदार तळ्याच्या काठी १९२७ मध्येच तयार झालेले आहे.